प्रेक्षकाची समरसता आणि यंत्राचे मोजमाप

चित्रपटात प्रेक्षक किती गुंतला, हे त्याला विचारण्याऐवजी त्याच्या शरीरावरूनच ठरवावे, ही कल्पना नवी नाही. १९३३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या डायसिंगर व रकमिक यांच्या अभ्यासात चित्रपट पाहणाऱ्या मुलांच्या त्वचेची विद्युतप्रतिक्रिया आणि नाडी नोंदविण्यात आली होती. घाम सुटला की त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, एवढेच त्यामागील तत्त्व. परंतु घाम भीतीने सुटतो, तसाच उत्कंठेने आणि संतापानेही. संवेदक भावाची तीव्रता सांगतो, जात सांगत नाही. भरतमुनींनी स्वेद व रोमांच यांना आठ सात्त्विक भावांत स्थान दिले (अर्थात नटाच्या संदर्भात), पण त्यांनाच रस म्हटले नाही. हा भेद यंत्रनिष्ठ समीक्षेत हरवतो.

उरी हॅसन व सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेले, मेंदूच्या एमआरआय चित्रणावर आधारित निष्कर्ष अधिक उद्बोधक आहेत. हिचकॉकच्या दूरचित्रवाणी-कथेने प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यकाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात समान प्रतिसाद जागविला; लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ने ४५ टक्के, तर उद्यानातील असंपादित चित्रीकरणाने ५ टक्क्यांहूनही कमी भागात. म्हणून हिचकॉक श्रेष्ठ ठरतो काय? असा कलामूल्याचा निवाडा या आकड्यांतून निघत नाही, असे स्वतः संशोधकांनीच बजावले आहे. समान प्रतिसाद हे दिग्दर्शकाच्या पकडीचे माप होय. जाहिरातदाराला तेवढे पुरते. समीक्षकाला पुरत नाही. कारण आकडा खाली आला, तर प्रेक्षक कंटाळून भरकटले की प्रत्येकजण आपापल्या अर्थशोधात गढून गेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.