ट्रिप्टोफॅनचा दुष्काळ : एका उपपत्तीची चिकित्सा

गर्भाचा निम्मा आनुवंशिक वारसा पित्याकडून आलेला असल्यामुळे मातेच्या प्रतिरक्षायंत्रणेस तो अर्धा परकाच होय. तरीही ती त्याचा नाश का करीत नाही, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर डेव्हिड मन, अँड्र्यू मेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. मानवात आठव्या गुणसूत्रावर असलेल्या आयडीओ-१ या जनुकापासून निर्माण होणारे एन्झाइम ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लाचे विघटन करते. आणि त्या अम्लावाचून टी-कोशिकांची वाढ खुंटते. गाभण उंदरांना या एन्झाइमाचा रोधक दिला असता भिन्न वंशाच्या नरापासून झालेले गर्भ नष्ट झाले. समान वंशाच्या नरापासून झालेले टिकले. ही तुलना हेच या लेखाचे खरे बळ होय.

तथापि, रोधकाने संरक्षण ढासळले एवढ्यावरून ते एन्झाइम संरक्षणाचा एकमेव आधार ठरत नाही. हे जनुकच नसलेल्या उंदरांतही भिन्नवंशीय गर्भ नीट वाढतात, असे पुढे आढळले. त्यामुळे मूळ प्रयोग खोटा पडत नाही. जन्मापासूनची उणीव शरीर अन्य मार्गांनी भरून काढीत असावे. शिवाय ‘दुष्काळ’ ही कल्पना अर्धेच सांगते. विघटनातून उत्पन्न होणारे काइन्युरेनिनही टी-कोशिकांना आवर घालते, आणि ते टीडीओ हे दुसरे एन्झाइमही निर्माण करते.

या मर्यादांकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत रुग्णालयात मोजावी लागली. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवरील चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या जोडीस काहींना एपॅकाडोस्टॅट हा आयडीओ-१चा रोधक, तर काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग न बळावता गेलेला मध्यक काळ रोधक घेणाऱ्यांत ४.७ महिने, तर इतरांत ४.९ महिने होता. अर्बुदात ते एन्झाइम आहे की नाही, हे पाहून रुग्णांची निवड झालेली नव्हती. अशा चाचणीच्या अपयशावरून एन्झाइमच निरर्थक मानणे हीही तितकीच घाई ठरेल.

मन व मेलर यांनी एक दार दाखविले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. त्या घरास तेवढेच एक दार आहे, असा समज मात्र अनुयायांनी करून घेतला. औषधयोजनेपूर्वी उरलेली दारे मोजणे, हे आता संशोधकांचे कर्तव्य आहे.