अग्रक्रमाची यादी आणि व्याख्येचा अधिकार

प्रादेशिक नियोजनात कोणता रस्ता आधी आणि कोणता मागाहून, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा व अभियांत्रिकीचा मानला जातो. तो त्यांचा आहेच. तथापि यादी तयार होण्यापूर्वी काही शब्दांच्या व्याख्या निश्चित होतात, आणि पुष्कळदा क्रम तेथेच ठरून जातो. भाषाभ्यासकाने या व्यवहाराकडे लक्ष द्यावे ते याच कारणाने. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ‘अनुशेष’ आणि ‘वस्ती’ हे दोन शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 1984 च्या अहवालात ‘अनुशेष’ या शब्दाला नेमके माप दिले. राज्याच्या सरासरीहून एखादा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. रस्ते हे समितीने तपासलेल्या क्षेत्रांपैकी एक होते. सर्व क्षेत्रे मिळून अनुशेषाचा आकडा सुमारे 3,187 कोटी रुपयांचा निघाला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 371(2) अन्वये 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापन झाली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली, तोवर निधिवाटपाच्या चर्चेत हाच शब्द केंद्रस्थानी राहिला.

या शब्दाचे सामर्थ्य उघड आहे. तो हिशेबाचा शब्द आहे. ‘गरज’ म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली. ‘अनुशेष’ म्हटले की येणे-बाकी सिद्ध झाली. परंतु त्याची मर्यादाही हिशेबाचीच आहे. सरासरी जिल्ह्याची घेतली की जिल्ह्याच्या पोटातील विषमता अदृश्य होते. 2014 पर्यंत कल्याण-भिवंडीचा औद्योगिक पट्टा आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख हे दोन्ही एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत. अशा जिल्ह्याची सरासरी नेमकी कोणाविषयी बोलते? मोखाड्याच्या पाड्याविषयी ती निश्चितच बोलत नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने 2000 मध्ये एकक बदलले, ही तिची मोठीच कामगिरी होय. महसुली गाव वा ग्रामपंचायत हे एकक न धरता तिने ‘वस्ती’ धरली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत ढाणी, टोला, मजरा असे लोकांच्या तोंडचे शब्दही आले. क्रमही स्पष्ट होता: प्रथम 1,000 वा अधिक लोकसंख्येच्या वस्त्या, नंतर 500 च्या, अनुसूचित क्षेत्रांत किमान मर्यादा 250. आधार 2001 च्या जनगणनेचा. मैदानी प्रदेशात 500 मीटर त्रिज्येतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा होती.

आता या व्याख्येचा परिणाम पाहावा. अनुसूचित क्षेत्रात दीडदीडशे माणसांचे दोन पाडे 400 मीटर अंतरावर असले, तर मैदानी मापाने ते मिळून 300 ची एक वस्ती होतात आणि यादीत बसतात. तेच पाडे 1,200 मीटर अंतरावर असले, तर दोन्ही यादीबाहेर राहतात. म्हणजे जेथे लोक अधिक विखुरलेले, जेथे पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीतून अधिक दूर न्यावे लागते, तेथेच व्याख्या हात आखडता घेते. शिवाय वस्तीचे स्थान काळानुसार न बदलणारे असावे, अशी अट व्याख्येतच होती. ऊसतोडीसाठी वर्षातील कित्येक महिने ओस पडणाऱ्या तांड्याचे घर स्थिर असते, माणसे नसतात. उलट कारखान्याच्या परिसरातील त्यांच्या खोपटांत माणसे असतात, पण स्थान स्थिर नसते.

व्याख्याच नको, असा याचा अर्थ नव्हे. व्याख्येवाचून वाटप झाले तर ते शिफारशीवर चालेल, आणि त्यात दुबळ्याचा वाटा आणखी घटेल. आक्षेप एवढाच की गुणांकन आणि भारांक यांवर मंडळांत व परिषदांत वाद होतो. ज्या शब्दांवर ते गुणांकन उभे आहे ते मात्र परिशिष्टात निर्विवाद पडून असतात. यादीवर हरकती मागवल्या जातात. व्याख्येवरही त्या मागवल्या पाहिजेत, आणि त्याही यादी होण्यापूर्वी. त्यासाठी पाडा, वाडी, तांडा, वस्ती या शब्दांनी त्या त्या तालुक्यातील लोक नेमके काय दर्शवतात, याची पाहणी आवश्यक आहे. हे काम अभियंत्याचे नाही. ते बोलीच्या अभ्यासकाचे आहे, आणि आपल्या विभागांनी ते आजवर पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेले नाही.