चेकपॉइंट चार्ली : राखलेली चौकी आणि गायब झालेला नाका

बर्लिनला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये चेकपॉइंट चार्लीचा फोटो हमखास असतो. रस्त्याच्या मधोमध छोटी पांढरी चौकी, पुढे रचलेली पोती, बाजूला ‘आपण अमेरिकन विभाग सोडत आहात’ असं चार भाषांत सांगणारी पाटी. मीही फोटो काढला, नाही कशाला म्हणू? पण जुने नाके, जकातीची ठाणी, सरहद्दीचे दगड शोधत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही जागा जरा तपासून बघायला हवी. माझं म्हणणं थोडक्यात असं, की इथे जे जपलंय त्याने प्रवासी अडवला जात नव्हता. आणि ज्याने अडवला जात होता ते सगळं पुसून टाकलंय.

फ्रीडरिशश्ट्रासे हा बर्लिनचा जुना दक्षिणोत्तर रस्ता. त्सिमरश्ट्रासे त्याला जिथे छेदते, तिथे दक्षिणेला अमेरिकन विभाग आणि उत्तरेला सोव्हिएत विभाग अशी वाटणी होती. १३ ऑगस्ट १९६१ पासून पूर्व जर्मनीने पश्चिम बर्लिनला वेढा घालायला घेतला. आधी तारा, मग भिंत, एकूण सुमारे १५५ किलोमीटर. ‘चार्ली’ म्हणजे कुणी माणूस नव्हे. लष्करी बिनतारी भाषेतलं अल्फा, ब्राव्हो, चार्ली, म्हणजे आपला अ, ब, क. हा तिसरा नाका. इथून दोस्तांचे सैनिक, मुत्सद्दी आणि परदेशी पाहुणे जात. पश्चिम जर्मन आणि पश्चिम बर्लिनकर यांचे नाके वेगळे होते. म्हणजे ज्यांच्या घरादाराचे दोन तुकडे झाले, त्यांच्यासाठी हा नाका नव्हताच. तिथल्या गर्दीत हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकनांनी आपली चौकी मुद्दाम फुटकळ ठेवली होती. पक्कं ठाणं बांधलं, तर ‘ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे’ असं मान्य केल्यासारखं झालं असतं. त्यांच्या लेखी बर्लिन हे चार सत्तांच्या ताब्यातलं एकच शहर होतं. म्हणून रस्त्यात एक खोपटं, बस्स. पलीकडे मात्र पूर्ण यंत्रणा : आडवे दांडे, गाडीला नागमोडी वळणं घ्यायला लावणारे अडथळे, पासपोर्ट आणि जकातीच्या शेड, टेहळणीचा मनोरा. खिडकीवर सक्तीने पैसे बदलून घ्यावे लागत. ऑक्टोबर १९८० पासून दिवसाला २५ पश्चिमी मार्क.

ऑक्टोबर १९६१ मध्ये इथे अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले. तो प्रसंग प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. पण भांडण कशावरून होतं? कागद कोणी तपासायचे यावरून! अॅलन लाइटनर हे अमेरिकन अधिकारी ऑपेरा बघायला पूर्वेकडे निघाले होते. पूर्व जर्मन पहारेकऱ्यांना कागद दाखवायला त्यांनी नकार दिला, कारण अमेरिकेच्या मते तो अधिकार फक्त सोव्हिएतांचा होता. पाच दिवसांनी रणगाडे आले आणि सुमारे सोळा तास नळ्या रोखून उभे राहिले. म्हणजे ज्या खिडकीवर कागद मागितले जात, ती खिडकी हा सगळ्या इतिहासाचा कणा. आज नेमकी तीच नाही.

इंजिनियर माणसाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. हाइन्झ माइक्सनर नावाच्या ऑस्ट्रियन तरुणाने दांड्याची उंची हेरून ठेवली, एक बुटकी स्पोर्ट्स कार भाड्याने घेतली, तिची पुढची काच काढली आणि मे १९६३ मध्ये वाग्दत्त वधूला व तिच्या आईला गाडीत लपवून दांड्याखालून सरळ पश्चिमेला निसटला. ही गोष्ट समजायला दांडा कुठे होता, किती उंच होता, वळण कुठे होतं हे दिसायला हवं. आज त्या जागी उभं राहून यातलं काहीच हाती लागत नाही. दुकानं, खाणावळी आणि इमारती तेवढ्या दिसतात.

खरी चौकी २२ जून १९९० ला समारंभाने क्रेनने उचलली. ती आता डालेममधल्या अलाइड म्युझियममध्ये आहे. रस्त्यातली चौकी ही सुरुवातीच्या चौकीची प्रतिकृती, १३ ऑगस्ट २००० ला बसवलेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पूर्वेकडचा टेहळणीचा मनोरा, तिथली शेवटची अस्सल वास्तू, खासगी मालकाने पाडला. तो संरक्षित वास्तूंच्या यादीत नव्हता. एकाच वर्षात नक्कल उभी राहिली आणि अस्सल आडवं झालं. या जागेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. पुढे खोट्या गणवेशातले ‘सैनिक’ पैसे घेऊन फोटोला उभे राहू लागले, ते २०१९ मध्ये बंद करावे लागले. हौसेचे शिक्के मारून मिळत असतील, तर खऱ्या पासपोर्टवर मारून घेऊ नका. परतीच्या विमानतळावर ती गंमत महागात पडेल.

सगळंच टाकाऊ आहे असं नाही. भिंतीची रेषा रस्त्यात दगडांच्या दुहेरी ओळीने दाखवली आहे, ती पायाखाली शोधत चालायला मजा येते. फ्रांक थील यांनी केलेली दोन सैनिकांची प्रकाशपेटीतली छायाचित्रं, एकीकडे अमेरिकन आणि दुसरीकडे सोव्हिएत, नकली चौकीपेक्षा कितीतरी जास्त बोलतात. शेजारचं भिंतीचं संग्रहालय राइनर हिल्डेब्रांट यांनी १९६३ मध्ये, भिंत ऐन भरात असताना, इथे आणलं. मांडणी दाटीवाटीची, मजकूर अति. पण लोकांनी पळून जाण्यासाठी केलेले जुगाड बघून हात जोडावेसे वाटतात. आणि त्सिमरश्ट्रासेवर थोडं पुढे पेटर फेश्टरचा स्तंभ आहे. अठरा वर्षांचा हा मुलगा १७ ऑगस्ट १९६२ ला भिंतीशी गोळी लागून पडला आणि जवळपास तासभर रक्त वाहत तिथेच पडून राहिला. नाका हाकेच्या अंतरावर होता, तरी अमेरिकन सैनिकांनी रेषा ओलांडली नाही. चौकीपुढची रांग त्या स्तंभाकडे फारशी वळत नाही.

याच रस्त्याने उत्तरेला साधारण दीड किलोमीटर गेलं, की फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाला लागून ‘ट्रेनेनपालास्ट’ लागतं, म्हणजे अश्रूंचा महाल. १९६२ मध्ये बांधलेलं काचेचं निर्गमन दालन. पूर्वेकडच्यांनी पाहुण्यांना निरोप द्यायची जागा, म्हणून हे नाव. २०११ पासून तिथे संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. पासपोर्ट तपासणीची अरुंद केबिन जपून ठेवली आहे. आत शिरलात की व्यवस्था अंगाला कळते. बेर्नाउअर श्ट्रासेवर तर जिथे भिंत उरली नाही तिथे नवी बांधलीच नाही. गंजलेल्या पोलादी दांड्यांची ओळ उभी केली आहे. समोरून बघितलं तर आरपार दिसतं, तिरकं बघितलं तर भिंत भासते. नाहीशा झालेल्या वस्तूबद्दल इतकं प्रामाणिक बांधकाम मी क्वचित पाहिलंय.

बेळगावकरांना हे परकं वाटू नये. रेल्वेने गोव्याला जाताना कॅसलरॉकला आपली तपासणी आणि कुळ्याला पोर्तुगीजांची, हे अनुभवलेली माणसं आपल्या घराघरांत होती. बर्लिनची भिंत उभी राहिली त्यानंतर चारच महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ ला, आपली ही सीमा संपली. तिथे काही राखायचं ठरलं, तर मी कमान आणि पुतळा मागणार नाही. सामान उघडायचं टेबल कुठे होतं, रांग कुठून कुठे जायची, तेवढं जमिनीवर आखून द्या म्हणेन.

बर्लिनला जाणार असाल तर सुरुवात ट्रेनेनपालास्टपासून करा आणि दक्षिणेला चालत या. चौकी दिसली की लगेच कॅमेरा काढू नका. अलीकडेच, रस्त्याच्या उत्तर अंगाला थांबा. पूर्व जर्मनीची ती सगळी यंत्रणा याच बाजूला पसरलेली होती.