शिक्षेचे निर्धारण आणि सामाजिक वंचितता : भोकरदन खटल्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : शिक्षानिर्धारण, भटक्या जमाती, आदिवासी, शमनकारक परिस्थिती, परिवीक्षा

प्रस्तावना

एखाद्या व्यक्तीचा अपराध सिद्ध झाल्यानंतर न्यायालयापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे, या व्यक्तीला कोणती शिक्षा योग्य ठरेल? फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २३५(२) ने या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्येही ही तरतूद कायम आहे. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार झाला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बच्चन सिंग खटल्यात (१९८०) घालून दिले. मात्र आदिवासी व भटक्या समाजांतील आरोपींच्या बाबतीत हे तत्त्व कितपत पाळले जाते, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

भोकरदन खटला

जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन परिसरात शेतातील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. त्यात पाच जणांची हत्या झाली व बलात्काराचे अमानुष प्रकार घडले. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निर्णयात सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली.

या निर्णयाला रावजी खटल्याचा (१९९६) आधार होता. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य पाहावे, गुन्हेगार नव्हे, अशी रावजीतील भूमिका होती. अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातीलच संतोषकुमार सतीशभूषण बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायपीठाने ही भूमिका बच्चन सिंग निर्णयाशी विसंगत ठरवली. दोन निकालांमध्ये पंधरवड्याचेही अंतर नव्हते. परंतु त्या सहा जणांना या बदलाचा लाभ तत्काळ मिळाला नाही.

पुढे २०१२ मध्ये त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे निष्पन्न झाले. आरोपीच्या पार्श्वभूमीतील सर्वांत प्राथमिक बाब, म्हणजे त्याचे वय, हीच तीन न्यायालयीन पायऱ्यांवर निसटली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आपला निर्णय मागे घेऊन अपिलांची नव्याने सुनावणी घेतली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून वेगळ्याच चार व्यक्तींना ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच भरला गेला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भटक्या जमातींतील माणसांना गंभीर गुन्ह्यांत गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही न्यायालयाने नोंदवले.

चिकित्सा

या खटल्यातील सर्वांत लक्षणीय विसंगती अशी की, आरोपींचे दारिद्र्य व भटकेपण २००९ मध्ये त्यांचा जीव वाचवण्यासाठी पुरेसे ठरले नाही. २०१९ मध्ये ते लक्षात घेतले गेले, पण तेव्हा पुरावाच कोसळलेला होता. म्हणजे वंचिततेची दखल निर्दोषत्वाच्या सोबतीने घेतली गेली. आरोपी खरोखरच दोषी असता, तर त्याच्या वंचिततेचे वजन किती, हा मूळ प्रश्न त्या निर्णयाने सोडवला नाही. त्या प्रकरणात तो उद्भवलाही नव्हता.

मुल्ला खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने दारिद्र्य ही शमनकारक परिस्थिती मानली. मनोज खटल्यात (२०२२) आरोपीच्या कौटुंबिक, सामाजिक व मानसिक पार्श्वभूमीची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागवण्याचे निर्देश दिले. ही प्रगती स्वागतार्ह असली तरी तिला दोन मर्यादा आहेत. पहिली, ती मुख्यतः फाशीच्या प्रकरणांपुरती आहे. दुसरी, तिच्यात वंचितता ही एकट्या व्यक्तीची करुणकथा म्हणून येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर लादलेला व १९५२ मध्ये कायदा रद्द होऊनही न पुसलेला शिक्का अशा वैयक्तिक कथेत मावत नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅड्यू खटल्यात (१९९९) आदिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजाच्या इतिहासाचा विचार करणे हे न्यायाधीशांचे कर्तव्य ठरवले. हे कर्तव्य केवळ गंभीर गुन्ह्यांपुरते नाही. तथापि २०२० मध्ये तेथील संघीय तुरुंगांत आदिवासी कैद्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवर पोहोचले होते, हेही विसरता येणार नाही. शिक्षेच्या टप्प्यावरील विचार तपासातील पूर्वग्रहाची भरपाई करू शकत नाही, हाच धडा भोकरदनही देते.

तालुक्याच्या पातळीवर

मुळशी तालुक्यात कातकरी, महादेव कोळी व ठाकर समाज राहतो. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. वीटभट्टी व कोळसाभट्टीवर हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी तरुणाचा न्यायालयाशी संबंध आलाच, तर तो बहुधा किरकोळ चोरी किंवा वनगुन्ह्याच्या निमित्ताने येणार. त्याच्यासाठी मनोज खटल्यातील निर्देश दूरचे आहेत. जवळचा आहे तो अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. एकवीस वर्षांखालील आरोपीबाबत कलम ६ नुसार परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. परिवीक्षेचा लाभ शक्य असूनही नाकारल्यास विशेष कारणे नोंदवण्याचे बंधन नव्या संहितेतही आहे. परंतु स्थलांतरामुळे कायम पत्ता नाही, जामीनदार नाही, जन्माची नोंद नाही, अशा माणसाबद्दल अहवालात काय लिहिले जाईल? 'निश्चित वास्तव्य नाही' ही नोंद त्याच्या वंचिततेचा पुरावा आहे. व्यवहारात तीच त्याच्याविरुद्ध वाचली जाण्याचा धोका असतो.

समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातीय भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या व विमुक्त जमातींना जन्मतः सराईत समजण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचलेली ही दृष्टी शिक्षानिर्धारणापर्यंत येणे आवश्यक आहे. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वयाची खातरजमा, भाषा व स्थलांतर समजून लिहिलेला परिवीक्षा अहवाल आणि नाकारलेल्या सवलतीची लेखी कारणे, एवढे तालुका न्यायालयातही शक्य आहे. भोकरदनच्या सहा जणांना ही दखल मिळेपर्यंत जवळपास सोळा वर्षे लोटली होती. जो निर्दोष ठरणार नाही, त्यालाही ती मिळते का, यावरच या विचाराची खरी कसोटी लागेल.