पिंपाच्या चित्रात न दिसणारे

पाठ खतांचा असो वा आहाराचा, लाकडी पिंपाचे ते चित्र हमखास भेटते. पिंपाच्या उभ्या पट्ट्या कमीजास्त उंचीच्या असतात. पाणी सर्वांत आखूड पट्टीपर्यंतच भरते, बाकीचे वाहून जाते. कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि युस्टुस फॉन लिबिग यांनी १८४० नंतर लोकप्रिय केलेला हा न्यूनतमाचा नियम. तो होता वनस्पतींसाठी. प्रथिनांच्या पाठात तो आला तो चित्रासकट. ऑस्बोर्न व मेंडेल यांनी १९१४ मध्ये दाखवले, की मक्यातले झेइन हे एकच प्रथिन दिलेले उंदीर खंगतात; ट्रिप्टोफॅन घातले की तग धरतात, आणि लायसिनही घातले तरच वाढतात. येथवर पिंप चपखल बसते.

माझा आक्षेप त्या वाहून जाणाऱ्या पाण्याला आहे. चित्र पाहणाऱ्याला वाटते, की जास्तीचे गेले तर गेले, बिघडले काय? याचे उत्तर आईच्या दुधावरून नुकत्याच तोडलेल्या डुकराच्या पिल्लाकडे मिळते. (वर्गात हसू उमटेल, उमटू द्यावे. अमिनो आम्लांची गरज ज्या प्राण्यांत फार बारकाईने मोजली गेली, त्यांपैकी हा एक आहे.)

मोठ्या वराहपालन केंद्रांत पिल्लू तीन-चार आठवड्यांचे असतानाच तोडतात. दूध एकाएकी बंद होते आणि पुढ्यात मका व सोयापेंड येते. जठरात आम्ल पुरेसे तयार होत नसते, पाचकरसही या खाद्याला सरावलेले नसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या तक्त्यानुसार ७ ते ११ किलो वजनाच्या पिल्लाच्या खाद्यात पचणारे लायसिन १.३५ टक्के हवे. केवळ मका आणि सोयापेंड यांवर हे भागवायचे तर जवळपास निम्मी सोयापेंड घालावी लागते, आणि एकूण प्रथिने २५ टक्क्यांच्या वर जातात. म्हणजे एक पट्टी उंच करण्यासाठी सगळेच पिंप उंच केले! न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात पोचते, तेथले जीवाणू ते कुजवतात, अमोनिया तयार होतो आणि हगवणीला वाट मिळते. पाणी पिंपाबाहेर सांडलेच नाही. ते आतच साचून नासले.

ही हगवण आटोक्यात ठेवण्यासाठी खाद्यात झिंक ऑक्साइडचे मोठे डोस देण्याची पद्धत होती. पर्यावरणात साचणारे जस्त आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू यांच्या धास्तीने युरोपीय संघाने जून २०२२ पासून ती बंद केली. वाढीसाठी प्रतिजैविके घालणे तेथे २००६ पासूनच बंद आहे. त्यामुळे सोयापेंड कमी करून उणीव शुद्ध अमिनो आम्लांनी भरून काढणे, हा मार्ग आज महत्त्वाचा ठरला आहे.

दुसरा दोष मला अधिक खटकतो. चित्रातल्या पट्ट्यांची उंची कायम असते, पिल्लाची गरज तशी नसते. आतड्याच्या आतल्या बाजूचा बुळबुळीत थर ज्या प्रथिनांचा बनतो, त्यांत थ्रिओनिन भरपूर असते. आतडे दुखावले की थ्रिओनिन तिकडे खर्च होते आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येते. रोगप्रतिकाराचे काम वाढले की ट्रिप्टोफॅनची मागणीही वाढते. निरोगी पिल्लावर काढलेला आकडा आजारी पिल्लाला लावला तर आखूड पट्टी कोणती, हेच चुकेल.

आकडा कशाचा, हेही पाहावे लागते. त्याच तक्त्यात त्याच पिल्लासाठी एकूण लायसिन १.५३ टक्के दिले आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत; एक खाद्यात असलेल्या लायसिनचा, दुसरा पचून मिळणाऱ्या लायसिनचा. 'प्रथिने इतके टक्के' एवढ्यावरच थांबणाऱ्या पाठ्यपुस्तकांत हा फरक सापडत नाही.

पिंप पुसून टाका, असे मी म्हणणार नाही. सोयापेंड कमी करत गेले, की लायसिनमागोमाग थ्रिओनिन, मेथिओनिन व ट्रिप्टोफॅन कमी पडू लागतात आणि पुढे व्हॅलिनची पाळी येते. हा क्रम पिंपाने जितका सहज समजतो, तितका तक्त्याने समजत नाही. फक्त चित्र काढून झाल्यावर मुलांना विचारावे, की सांडलेले पाणी कुठे गेले?