नऊ रंग, नऊ वार : सणाच्या वेषाची चिकित्सा

 

विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हांला विचारलं की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी साड्या-ब्लाउजवर काय बोलायचं? तर बघा, कांटसारख्या माणसाने १७९८ च्या मानवशास्त्रावरच्या पुस्तकात फॅशनची दखल घेतली आहे. तिच्यामागे धावणं मूर्खपणाचं, पण केवळ हट्टाने तिच्या उलट वागणं त्याहून मूर्खपणाचं, असा त्याचा रोख आहे. झिमेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. बार्थने १९६७ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हा आम्ही काही वेगळी वाट काढतो आहोत असं नाही. वेगळं इतकंच की आम्ही पॅरिसच्या दुकानाच्या काचेसमोर उभे नाही, पेणच्या बाजारपेठेत उभे आहोत.

आणि पेण ही या विषयाला फार योग्य जागा आहे. इथे, हमरापुरात, जोह्यात, कळव्यात बाराही महिने मूर्ती घडतात. मूर्तीचं सगळं कौशल्य पूर्वी मातीत आणि रंगात होतं. पितांबराची चुणी रंगाने दाखवायची, शेल्याचा काठ ब्रशने ओढायचा, शेवटी डोळ्यांची आखणी. आता गणपतीला खरं धोतर नेसवतात, खरा फेटा बांधतात, खडे लावतात. म्हणजे देवाच्याही अंगावर यंदाची फॅशन आली! (हशा) हसू नका, हे महत्त्वाचं आहे. रंगवलेला पितांबर मूर्तीचाच भाग असतो, तो काढून ठेवता येत नाही. कापडी धोतर मात्र दरवर्षी बदलता येतं, त्याचा रंग गिऱ्हाइकाला निवडता येतो. एकदा कापड आलं की निवड आली, निवड आली की यंदाचं आणि गेल्या वर्षीचं असा भेद आला.

आता गौरीकडे वळू. आपल्या कोकणात तेरड्याच्या गौरी असतात. रानातला तेरडा आणायचा, त्याला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची. घरातल्या बायकांच्या आधी गौरीची साडी घेतली जाते आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा असेल तर सुनेचीही. भाद्रपदात सुरू झालेली ही खरेदी नवरात्र, दसरा, रोह्यात त्यानंतर निघणारी धावीर महाराजांची पालखी, दिवाळी, तुळशीचं लग्न आणि मग लग्नसराई अशी चालत राहते. याला व्यापारी ‘सीझन’ म्हणतात. पॅरिसमध्ये चार्ल्स वर्थने १८५८ साली आपलं दुकान काढलं आणि ऋतूगणिक नवे नमुने मांडण्याची रीत तिथे रुजली. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकने आपल्या सत्रांना ‘समर-रिझॉर्ट’ आणि ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशी नावं दिली. ‘विंटर’ला ‘फेस्टिव्ह’ जोडावं लागलं यातच सगळं आलं. आपल्याकडे कापड ऋतूवर विकलं जात नाही, तिथीवर विकलं जातं. पेणच्या ऑक्टोबरच्या उन्हात जरीची साडी नेसणारी बाई हवामान बघत नाही, पंचांग बघते.

पण गेल्या वीसेक वर्षांत पंचांगाच्या शेजारी दुसरी एक सत्ता येऊन बसली आहे. नवरात्राचे नऊ रंग. आज कित्येकांना वाटतं की हे देवीपुराणातून आलं. नाही हो! ही प्रथा २००३-०४ च्या सुमारास ‘महाराष्ट्र टाइम्स’ने रुजवली. त्या त्या रंगात नटलेल्या बायकांचे, लोकलच्या महिला डब्याचे, कचेऱ्यांचे फोटो छापायला सुरुवात केली. रंग ठरवण्याची रीत मुख्यतः वाराची आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी. आठवड्याचे सात झाले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले. म्हणजे घट सोमवारी बसले तर पहिला रंग पांढरा, गुरुवारी बसले तर पिवळा. देवीचं कुठलं रूप कुठल्या रंगाचं, हे स्पष्टीकरण त्याला मागाहून चिकटवलेलं आहे.

बार्थ इथे फार कामाला येतो. त्याने आपल्या ग्रंथासाठी कपडे तपासलेच नाहीत. त्याने १९५८-५९ च्या फ्रेंच फॅशन-मासिकांमधली कपड्यांखालची वाक्यं तपासली. त्याचं म्हणणं असं की फॅशन कापडात नसते, त्याबद्दलच्या वाक्यात असते. ‘यंदा निळा’ असं कुणीतरी लिहिल्याशिवाय निळा हा नुसता निळा असतो. नऊ रंग म्हणजे या सिद्धान्ताचं हातात ठेवता येईल असं उदाहरण आहे. वर्तमानपत्राच्या पानावर एक वाक्य छापलं गेलं आणि दिवा-रोहा गाडीचा डबा पिवळा झाला.

यावर दोन ठरीव टीका होतात. एक सनातनी, की हे शास्त्रात नाही. दुसरी पुरोगामी, की हा बाजाराचा डाव आहे. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही आम्हांला अपुऱ्या वाटतात. का ते सांगतो.

आपल्याकडे बाईच्या अंगावरचा रंग हा कधीच नुसता रंग नव्हता. लग्नात मामाकडची पिवळी अष्टपुत्री, सवाष्णीचा हिरवा चुडा, संक्रांतीला काळी चंद्रकळा, तीही नव्या सुनेला कौतुकाने, वर हलव्याचे दागिने. आणि दुसऱ्या टोकाला केशवपन केलेल्या विधवेचं लाल आलवण. लाल हा एरवी केवढा मंगल रंग, पण तोच एका विशिष्ट रीतीने अंगावर आला की बाईला माजघरात ढकलत असे. या सगळ्या रंगांनी बाईला एकच प्रश्न विचारला. तू कोण? कुणाची? नवरा आहे का? वर्तमानपत्राचा रंग हा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, आज वार कोणता?

हा फरक लहान नाही. पंचायत समितीच्या कचेरीत, बँकेत, शाळेत, शुक्रवारी हिरवी साडी नेसून आलेल्या वीस बायकांत एक विधवा असते आणि तिला हिरवं का नेसलीस असं कुणी विचारत नाही, कारण आज शुक्रवार आहे. सोमवारी सवाष्णी पांढरं नेसतात आणि त्यांना कुणी अपशकुन म्हणत नाही. झिमेलने म्हटलं आहे की फॅशन माणसाला आडोसा देते. सगळेच करतात म्हटलं की एकट्याची जबाबदारी उरत नाही. ज्या बाईला एकटीने धीर झाला नसता तिला वाराने धीर दिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तो ठराव थोर आहेच, ती जाणीवपूर्वक केलेली कृती आहे. पण ठरावाला वीस वर्षं उरली असताना एका खप वाढवणाऱ्या सदराने, मनात नसताना, त्या भिंतीला एक फट पाडली होती, हे समीक्षकाने नोंदवायला हवं. हेतू क्षुद्र असला म्हणून परिणाम क्षुद्रच असतो असं नाही.

मग आमची तक्रार नाहीच का? आहे. या फोटोच्या चौकटीबाहेर कोण आहे ते बघा. त्याच पेणच्या बाजारात रानभाजी घेऊन बसलेली कातकरी बाई कुठल्याच वारी फोटोत नसते. कचेरीत झाडू मारणाऱ्या बाईकडे करड्या रंगाची साडी असतेच असं नाही. तिला ती उसनी आणावी लागते, नाहीतर शनिवारी फोटोच्या वेळी तिला काहीतरी काम निघतं. जुन्या रंगाने नवरा विचारला, नवा रंग कपाट विचारतो. तरी आमचा कौल, मोजूनमापून, नऊ रंगांच्या बाजूने आहे.

शिवलेल्या नऊवारीबद्दल मात्र आम्ही तसं म्हणणार नाही.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते पायांतून मागे काष्टा घालून नेसायचं. याची रचना कशासाठी झाली? चालण्यासाठी, वाकण्यासाठी, कामासाठी. आपल्या आगरी-कोळी बायांचं लुगडं गुडघ्यापर्यंत, काष्टा घट्ट. खारजमिनीच्या चिखलात, मिठागरात, लावणीच्या वाफ्यात त्याच वेषात दिवस काढायचा. ओचे-निऱ्या सैल करता येतात, खोचता येतात, वर ओढता येतात. पोट वाढलं, बाळंतपण झालं, म्हातारपण आलं, कापड तेच. अशिवलेलं कापड माप विचारत नाही, असं आम्ही वर्गात सांगत असू. आजीचं लुगडं नातीला होतं, कारण ते कुणाच्याच मापाचं नसतं.

शिवलेली नऊवारी म्हणजे साडीच्या वेषातली विजार. निऱ्या टाचलेल्या, कमरेला हूक किंवा चेन, काष्टा कायमचा. दुकानात तिचे प्रकार मिळतात : ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी. यांतल्या ‘मस्तानी’ला २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ने केवढी गती दिली ते आपण पाहिलंच. तेव्हा काशीबाई अशा नाचल्या असत्या का यावर खूप वाद झाला. काशीबाईंचं लुगडं असं टाचलेलं असतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

साडी शिवण्यात मूळचं काही पाप आहे असं आम्ही मानत नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथय्या, ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, यांनी १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजची ती प्रसिद्ध नारिंगी साडी चेन लावून शिवली होती. नाचताना सुटू नये म्हणून. तिथे शिवण्याला कारण होतं आणि ते कारण हालचाल हेच होतं. ढोल-ताशा पथकातल्या मुली, पाडव्याच्या शोभायात्रेत मोटरसायकलवर निघणाऱ्या मुली शिवलेली नऊवारी घालतात, तिथेही आमचं काही म्हणणं नाही. मुलींना नेसता येत नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी सांगावं की त्यांनी घरात कुणाला शिकवलं.

आमचा आक्षेप आहे तो समारंभाच्या शिवलेल्या नऊवारीवर. ज्या लग्नात, ज्या डोहाळजेवणात, ज्या हळदीत बाईला धावायचं नाही, तिथे तिला टाचून टाकलेली विजार का लागते? उत्तर असं की तिला नेसायचं नसतं, दिसायचं असतं. पाच मिनिटांत चढवायची, फोटो काढायचा, दुसरी घालायची. शिवाय ती मापाची असते. पुढच्या वर्षी चेन लागत नाही. ब्लाउजचंही तेच झालं आहे. साडी आईची चालते, पण आरी वर्कचा ब्लाउज नवाच हवा, आणि त्याची शिलाई कधीकधी साडीच्या किमतीला जाऊन भिडते. फॅशन आता सव्वाआठ मीटरमध्ये राहत नाही, ती त्या पाऊण मीटरमध्ये राहते. वारसा कापडात आणि फॅशन मापात, अशी वाटणी झाली आहे. पेणच्या मूर्तीला खरं धोतर आलं त्याच काळात बाईची साडी मूर्तीसारखी, एकदाच नेसवून ठेवायची झाली. ही उलटापालट आम्हांला खुपते.

पैठणीवर फार वेळ घेत नाही. येवल्याच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिला घरोघर नेलं ते २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने, आणि मग प्रत्येक निवडणुकीआधी गावोगाव ‘खेळ पैठणीचा’ झाले. रोहा काय, पेण काय, माणगाव काय. मतदार बाईचा सन्मान पैठणीने करायचा ही कल्पना आली कुठून? ती देणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही मोरच असतो. जिथे मागे धागे लोंबतात तिथे तो यंत्राचा आहे. ते स्वस्तात मिळतं, जरूर घ्यावं, गरीब बाईने का नेसू नये? फक्त व्यासपीठावरून त्याला येवल्याचं म्हणू नये.

राहिला प्रश्न मजुरीचा. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. सूत कातण्याच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतः त्या मजुरीवर जगून पाहिलं. कपड्याची त्याहून कडक समीक्षा आम्हांला माहीत नाही. आज सणाच्या आधी पंधरा दिवस गल्लीतल्या ज्या बाईकडे फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग पडतो, जी रात्री जागून हूक लावते, लटकन शिवते, तिच्या हातात एका साडीमागे काय पडतं? ‘डिझायनर’ हा शब्द दुकानाच्या पाटीवर येतो, तिच्या दारावर ‘येथे फॉल-पिको करून मिळेल’ इतकंच असतं. नवरात्रात तिला नऊ रंगांत नटायला वेळ नसतो, कारण सगळ्यांचे नऊ रंग तिच्याच मशीनखालून जात असतात. समोर बसलेल्या भगिनींपैकी काही जणी हे काम करतात, हे आम्हांला ठाऊक आहे. दर काय चालू आहे, कापड कोण आणतं, पैसे सणाआधी मिळतात की नंतर, हे त्यांनीच सांगावं. आम्ही बोलायचं थांबतो. माइक तिकडे द्या.