ज्याची त्याची शिदोरी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या खोलीत आम्ही सहा-सात जणांनी एका लॅपटॉपपुढे दाटीवाटीनं बसून सेड्रिक क्लापिशचा 'लोबेर्ज एस्पान्योल' (२००२) हा फ्रेंच सिनेमा पाहिला. एका सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात जाण्याचे अर्ज लवकरच निघणार होते. ज्यांना ते भरायचे होते त्यांच्यासाठी हा सिनेमा म्हणजे जवळजवळ माहितीपत्रकच होतं. पुढे दीड वर्षानं मी खरोखरच गेलो. परत आल्यावर मात्र तो पुन्हा पाहायचं बरीच वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात पाहिला आणि का टाळत होतो ते कळलं.

गोष्ट साधी आहे. झाव्हिए हा पॅरिसमध्ये अर्थशास्त्र शिकणारा, पंचविशीच्या आसपासचा मुलगा. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ अर्थमंत्रालयात आहेत. ते सांगतात, स्पॅनिश आणि स्पेनची अर्थव्यवस्था शिकून ये, मग नोकरीचं बघू. (वशिल्याची पद्धत सगळीकडे सारखीच.) मग तो 'इरॅस्मस' या युरोपीय योजनेतून वर्षभरासाठी बार्सिलोनाला जातो आणि इंग्लंड, जर्मनी, इटली, डेन्मार्क, बेल्जियम, स्पेन इथल्या मुलामुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो. ही योजना १९८७ साली ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली होती. सिनेमा आला तोवर युरोपात तिची एक अख्खी पिढी तयार झाली होती. सिनेमाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'स्पॅनिश सराई'. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचारच आहे: अशी जागा, जिथे आपण जे घेऊन जाऊ तेवढंच खायला मिळतं. थोडक्यात, ज्याची त्याची शिदोरी.

सिनेमा अजून शिळा झालेला नाही. झाव्हिए योजनेच्या कचेरीत जातो तेव्हा लागणाऱ्या कागदपत्रांनी पडदा भरून जातो. वसतिगृहात आम्ही त्यावर खो खो हसलो होतो. पुढे व्हिसासाठी पैशांची हमी, विम्याचा कागद, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती गोळा करताना तो प्रसंग मला फारच सौम्य वाटला. झाव्हिएला तर व्हिसाही लागत नव्हता. फ्लॅटमधल्या फोनचंही तसंच. घरून कुणाचाही फोन आला तर त्याच्या भाषेत काय सांगायचं, याचा एक कागद तिथे लावलेला असतो. इंग्रज वेंडी तो वाचून झाव्हिएच्या आईशी बोलते. आई 'फॅक' म्हणते, म्हणजे फ्रेंच बोलीत कॉलेज. वेंडीला भलतंच ऐकू येतं. विनोद बालिश आहे, पण परक्या भाषेत राहणं म्हणजे दिवसभर काय असतं ते त्यात नेमकं आलं आहे.

पण मला लिहायचंय ते एका वर्गातल्या प्रसंगाबद्दल. प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवतायत, कातालान भाषेत. बेल्जियमची इझाबेल हात वर करून विचारते, आम्हा परदेशी मुलांसाठी तुम्ही स्पॅनिशमध्ये शिकवाल का? ते नकार देतात. इथली भाषा कातालान आहे. स्पॅनिशच हवी असेल तर माद्रिदला जा किंवा दक्षिण अमेरिकेला. वसतिगृहात आम्ही त्या प्राध्यापकाची यथेच्छ हुर्यो उडवली. स्पॅनिश येत असूनही हा माणूस अडून बसलाय! आमच्यातला एक जण म्हणाला, "असे लोक सगळीकडे असतात." आम्हाला तो आपल्याकडच्या पाट्या रंगवणाऱ्यांचा भाऊबंद वाटला होता.

मी गेलो ते जर्मनीत ड्रेस्डेनला, हिवाळी सेमिस्टरला. ऑक्टोबरात पोचलो. दुपारी चार-साडेचारला अंधार पडायला लागला तसा सगळा संसार वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात गोळा झाला. सहा खोल्या, एक फ्रिज, ज्याचा त्याचा कप्पा. सिनेमात असतं तसंच. त्याच मजल्यावर लातूरचा एक मुलगा होता, एमएस करणारा. त्याच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी आणि घरचा काळा मसाला. मी आत आलो की तो मोठ्यानं विचारायचा, "काय करायलास?"

आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचो.

टेबलाशी एक पोलिश मुलगी, एक इटालियन, दोन जर्मन बसलेले असायचे. त्यांना कळायला हवं, हा माझा युक्तिवाद. दिसायला सभ्य आणि बिनतोड. पण ते एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलत तेव्हा मला कधी खटकलं नव्हतं. खरं कारण असं की मला 'तिथला' व्हायचं होतं आणि त्याच्या त्या एका प्रश्नानं मी पुन्हा इथला होत होतो. त्यात मी सांगलीचा. 'जेवालोय' हे मी पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच सेमिस्टरला सोडलं होतं. म्हणजे सराव होताच. नोव्हेंबरपर्यंत तोही माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. अडखळत, पण बिनतक्रार.

सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना मी त्या वर्गाशी थांबलो. फ्रँकोच्या राजवटीत कातालानला शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार केलं होतं. फ्रँको गेला १९७५ साली. सिनेमा आला तेव्हा पन्नाशीच्या पुढे असलेल्या कुठल्याही कातालान प्राध्यापकानं स्वतःची शाळा स्पॅनिशमध्येच केलेली असणार. त्या नकारामागे हे सगळं उभं आहे. क्लापिश ते सांगत नाही, पण पुढे एक गंमत करतो. वर्गाबाहेर इझाबेल चिडून बोलत असते. ती स्वतः बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातली. तिथल्या फ्लेमिश भाषेचं काय, असा विषय निघतो तेव्हा ती सांगते, फ्लेमिश भागात गेले की मी फ्रान्सची असल्याचं सोंग करते. वसतिगृहात हे वाक्य आमच्या कानावरून गेलं होतं. आता वाटतं, हे सिनेमातलं सर्वांत खरं वाक्य आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं सोंग तेच.

त्याच चर्चेत एक काळा विद्यार्थी म्हणतो की तो गांबियाचा आहे आणि कातालानही, आणि दोन्हींत त्याला विरोध दिसत नाही. सबंध सिनेमात या प्रश्नावरचं इतकं समंजस बोलणं दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाही. पण त्याला मिळते ती एवढीच जागा. फ्लॅटमध्ये त्याला खोली नाही. तिथले सगळे पश्चिम युरोपातले. क्लापिशची सराई मला इथे अरुंद वाटते. शेवटी झाव्हिए मंत्रालयातली नोकरी पहिल्याच दिवशी टाकून पळतो, लेखक व्हायचं ठरवतो आणि म्हणतो की मी एक नाही, मी ते सगळे आहे, युरोपसारखा, सगळा गोंधळ. ऐकायला छान वाटतं. पण हे सगळं तो फ्रेंचमध्ये सांगतो. सगळे होण्यासाठी त्याला फ्रेंच असणं क्षणभरही लपवावं लागलेलं नाही. ज्यांना स्वतःला थोडं दडवूनच त्या टेबलाशी बसता येतं, त्यांचा हिशेब सिनेमा करत नाही.

तरीही हा सिनेमा पाहावा, असंच मी म्हणेन. कारण स्वतःच्याच गोड शेवटाला तडा देणारा तो वर्ग क्लापिशनं कापला नाही. प्राध्यापकाला खलनायक केलं नाही, इझाबेललाही नाही. आमच्यासारख्यांना एकदा हसू दिलं आणि दुसऱ्यांदा पाहताना अडवलं. वशिला, पळून जाणं, प्रेमप्रकरणं हा भाग आता बराच पातळ वाटतो. हे एक दृश्य मात्र पुरून उरतं. शिदोरी प्रत्येक जण नेतो. चार लोकांत ती सोडायची लाज कुणाला वाटते, हा प्रश्न नावातच दडलेला होता.

फेब्रुवारीत मी निघालो तेव्हा लातूरच्या त्या मुलानं उरलेला काळा मसाला एका बरणीत भरून दिला. घरून दुसरा येतोय म्हणाला, इंग्रजीत. मी 'थँक यू' म्हणालो. स्वयंपाकघरात तेव्हा आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं.